उद्याचा मुक्काम

"तुम्ही तिच्या प्रेमात आहात का?"

लिएर्नीने विचारून टाकलं, आणि मग तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. उघड्या दारापलीकडे बंदराच्या कट्ट्यावर तिच्या मैत्रिणी उशुए आणि मालेन सूर्यफुलाच्या बिया फोडत, टरफलं थुंकत, मान उंच करकरून बघत होत्या. पैज त्यांचीच. विचारलं नाहीस तर धक्क्यावरून उडी, अंगावरच्या कपड्यांसकट, मे महिन्यातल्या त्या गारढोण पाण्यात.

मागच्या वर्षीची लिएर्नी असती तर तिने निमूटपणे उडी मारली असती. तेव्हा ती एक शब्द बोलण्याआधी चार वेळा गिळायची. पण एप्रिलमध्ये शाळेच्या स्पर्धेत तिने व्यासपीठावर उभं राहून, आयत्या वेळी दिलेल्या विषयावर, जागच्या जागी कडवी रचून गायली. सगळं मुत्रिकु गाव टाळ्या वाजवत होतं. त्या दिवसापासून तिच्या जिभेला जे पाय फुटले ते थांबायचं नाव घेईनात.

ज्याला विचारलं तो माणूस, रूबेन, हसला. पस्तिशीचा असेल. स्वच्छ दाढी, मऊ आवाज. अर्ध्या तासापूर्वी तो सॅक घेऊन तिच्या वडिलांच्या हॉस्टेलात, समुद्राकाठच्या वाटेने गावोगाव मुक्काम करत पायी जाणाऱ्यांसाठी काढलेल्या, आला होता. त्या सॅकला एक केशरी रंगाचा पत्र्याचा मग बांधलेला होता. "नेझा नावाची मुलगी आली का इथे?" हा त्याचा पहिला प्रश्न. हा मग तिचा. इरुनच्या मुक्कामी विसरली. पाच दिवस झाले, तो मग घेऊन तिच्या मागे चालतोय.

एका मगासाठी पाच दिवस! दाराबाहेरून ऐकणाऱ्या मालेनने तर छातीवर हात ठेवून कोलमडून पडण्याचं नाटक केलं होतं.

"प्रेमात?" रूबेन म्हणाला. "तिला अजून ते ठाऊक नाही. तू सांगू नकोस हं."

लिएर्नीच्या अंगावर गोड काटा आला. गुपित! तिला सांगितलेलं! मग एवढ्या मोठ्या गुपिताच्या बदल्यात आपणही काहीतरी द्यायला नको का?

"ती आजच येतेय!" ती म्हणाली. "सकाळी देबाहून फोन आला होता. खालची खाट ठेवलीये तिच्यासाठी, खिडकीजवळची."

"खिडकीजवळची," रूबेनने पुटपुटून घोकलं, परीक्षेआधी सनावळी घोकतात तसं. मग तो दाराशेजारच्या फळ्यासमोर जाऊन उभा राहिला आणि वरपासून खालपर्यंत सगळा फळा त्याने सावकाश वाचून काढला.

त्या फळ्याचं सांगायला हवं.

लिएर्नीचे आजोबा मासेमार. त्यांच्या काळी बंदरातल्या मासेमारांच्या कचेरीत एक फळा असायचा. होडी बाहेर पडायच्या आधी कप्तानाने त्यावर लिहायचं, आपण कुठल्या पाण्यात जातोय ते. एका नोव्हेंबरात एका कप्तानाने लिहिलं एक आणि गेला भलतीकडे, कुणाला आपली चांगली जागा कळू नये म्हणून. वादळ आलं. सगळं गाव तीन दिवस चुकीच्या पाण्यात शोधत राहिलं. त्या होडीत आजोबांचा सख्खा भाऊ होता. तेव्हापासून या घरात फळ्यावर खोटं लिहिणं म्हणजे मेलेल्याच्या अन्नात माती कालवणं.

लिएर्नीच्या वडिलांनी, म्हणजे इमानोलने, होडीऐवजी हॉस्टेल काढलं, तेव्हा पहिला खिळा ठोकला तो फळ्यासाठी. नाव, गाव, उद्याचा मुक्काम. प्रत्येक वाटसरूने आपल्या हाताने लिहायचं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी इमानोल पुढच्या गावी फोन लावायचा: पोचला का? नसेल पोचला तर लोक शोधायला निघायचे. दोन वर्षांपूर्वी एक म्हातारे जर्मन गृहस्थ पाय मुरगळून ओढ्यात पडले होते, ते या फळ्यामुळेच सापडले. मग इरुनपासून बिल्बाओपर्यंत ओळखीच्या सगळ्या हॉस्टेलवाल्यांनी असेच फळे लावले. इमानोलची छाती फुगून बंदराएवढी झाली होती.

नेझा चार वाजता आली. चोविसेक वर्षांची, उन्हाने नाक सोललेली, आखूड केसांची. इमानोलने तिच्या हातात खडू दिला आणि तिने तिरक्या अक्षरात लिहिलं: नेझा, ल्युब्लियाना, लेकेइतिओ. मग तिने एक विचित्र गोष्ट केली. सगळे वाटसरू चिखलाचे बूट दाराजवळच्या मांडणीवर ठेवतात. तिने आपले बूट हातात घेतले आणि वर खाटेपर्यंत नेले.

लिएर्नी मागोमाग गेली. सांगू नकोस म्हटलेलं तिच्या पोटात उड्या मारत होतं. प्रेमाचं नाही सांगणार, पण मगाचं सांगायला काय हरकत?

"तुझा मग आलाय!"

"कुठला मग?"

"केशरी. इरुनला विसरलीस तो. रूबेन घेऊन आलाय. आत्ता पोहायला गेलाय, येईलच."

नेझा खाटेवर बसली.

"मी विसरले नव्हते," ती म्हणाली. "मी तो टाकला होता. रस्त्यावरच्या कचऱ्याच्या पेटीत. ती मोठी असते ना, झाकणाची, त्यात."

समुद्राकडून आलेल्या वाऱ्याने खिडकीचं दार हळूच आपटलं. लिएर्नीला उगीचच ते लावून घ्यावंसं वाटलं.

"टाकलास का?"

"पहिल्या रात्री इरुनला आम्ही सहा जण जमलो. एकट्या-एकट्याने निघालेले. खूप हसलो गं. त्यासाठीच तर आले होते मी, एकटं चालायचं आणि संध्याकाळी असे मित्र मिळवायचे. तोही होता. त्याने सगळ्यांसाठी बटाट्याचं जाड ऑमलेट केलं. सकाळी डोळे उघडले तर तो माझ्या खाटेच्या पायथ्याशी बसला होता. माझ्या मगातून कॉफी पीत. माझ्याकडे बघत."

"मग?"

"मग काही नाही. तेच तर. तो काहीच करत नाही. दोनोस्तियाला पोचले, तो आधीच आलेला. सराउत्सला पोचले, आधीच आलेला. तिथे मी त्याला स्पष्ट सांगितलं, मला एकटीला चालायचंय. तो म्हणाला, चाल ना, एकटीच चाल."

"पोलिसांना सांग!"

"काय सांगू? ऑमलेट चांगलं करतो म्हणून?" नेझा हसली, पण ते हसू ओठांपाशीच राहिलं. "देबाला नव्हता. मला वाटलं, सुटले. लिएर्नी, मी कुणाला पत्ता लागू देत नाही. फोनवर काही टाकत नाही. मग याला कळतं कसं, मी कुठे झोपणार ते?"

लिएर्नीच्या जिभेचे पाय त्या क्षणी मोडले. ती जिना उतरली आणि फळ्यासमोर उभी राहिली.

नऊ वाटसरू, नऊ ओळी. नाव, गाव, उद्याचा मुक्काम. आठ ओळी पूर्ण होत्या. रूबेनच्या ओळीत शेवटचा रकाना कोरा होता.

स्वयंपाकघरात इमानोल बोटाएवढे चंदेरी मासे साफ करत होता. अंगठ्याने डोकं मोडायचं, काटा ओढायचा, मासा बाजूला.

"आइता," लिएर्नी म्हणाली, "तो रूबेन चांगला माणूस नाही."

"कोण? अगं, त्याने आल्या आल्या न्हाणीचा गळका नळ ठीक केला. मी दोन महिने करतो करतो म्हणत होतो."

"तो नेझाच्या मागे मागे येतोय."

"रस्ता एकच आहे, बाळा. सगळेच एकमेकांच्या मागे येतात."

"तिने मग कचऱ्यात टाकला होता. त्याने तो कचऱ्यातून काढला!"

"आणि धुऊन परत आणला. तुझ्या आजीने वेचलेला असता तर तिला काटकसरी म्हटलं असतंस." इमानोलने एक मासा तिच्याकडे रोखला. "तुम्ही तिघी त्या कट्ट्यावर बसून बिया खाता आणि माणसांच्या कहाण्या रचता. आता तर तू कवयित्री झालीस, विचारायलाच नको. जा, ताटं मांड."

आमा, म्हणजे तिची आई, घरात असती तर तिने ऐकलं असतं. पण ती बंदरावर जाळी विणायला गेली होती. बोटी सकाळी निघायच्या म्हणून तिला यायला उशीर होणार होता.

जेवायला सगळे लांब टेबलाभोवती बसले. तळलेले मासे, लसूण, पाव, आणि मधोमध रूबेनचं ऑमलेट, सोनेरी, चाकासारखं गोल. तो प्रत्येकाच्या ताटात वाढत होता, प्रत्येकाचं नाव घेत होता. एक वाटसरू म्हणाला, "तू कुठचा?" तर रूबेन म्हणाला, मालागाचा. फळ्यावर त्याने सोरिया लिहिलं होतं. लिएर्नीशिवाय कुणाच्या ते लक्षात आलं नाही.

मग त्याने केशरी मग नेझासमोर ठेवला आणि त्यात काठोकाठ दूध ओतलं.

"विसराळू मुलगी," तो म्हणाला.

टेबलावर "ओहो!" झालं. कुणी टाळ्या वाजवल्या. इमानोलनेही वाजवल्या. नेझाने हात मांडीवर ठेवले होते, ते तिने वर आणलेच नाहीत.

"आणि खाट छान आहे ना?" रूबेन तिला म्हणाला. "खिडकीजवळची. लिएर्नीने अगदी बरोबर सांगितलं होतं मला."

नेझाने मान वळवून लिएर्नीकडे पाहिलं. रागाने नाही. रागाने पाहिलं असतं तर लिएर्नीला बरं वाटलं असतं. ज्या दारातून वारा येतो ते दार शेवटी सापडावं, तसं पाहिलं.

लिएर्नी उठली. पाव आणते म्हणाली आणि बाहेर गेली. फळ्यावर रूबेनचा शेवटचा रकाना आता भरलेला होता. लेकेइतिओ. नीटस, बारीक, मोत्यासारखं अक्षर.

तिने तळहाताने नेझाची ओळ पुसली. आजोबांच्या भावाची आठवण आली, ज्याला तिने कधी पाहिलंही नव्हतं. माफ कर, ती मनात म्हणाली, आणि लिहिलं: नेझा, ल्युब्लियाना, बिल्बाओ, पहाटेच्या बसने.

मग तिने नेझाचं अंथरूण आपल्या खोलीत ओढून आणलं आणि दोघी आतून कडी घालून निजल्या.

सकाळी साडेसहाला ती अनवाणी खाली आली. बाहेर भुरभुर सुरू होती. बोटी कधीच गेल्या होत्या. तिने आधी मांडणी पाहिली. रूबेनचे बूट नव्हते. त्यांच्या जागी चिखलाच्या दोन ओल्या पावलांचा ठसा तेवढा होता.

गेला! बिल्बाओला गेला! तिला ओरडावंसं वाटलं, उशुएला फोन करून उठवावंसं वाटलं. ती वळली आणि तिला फळा दिसला.

रूबेनची ओळ पुसलेली होती. लिएर्नीने लिहिलेल्या खोट्या ओळीखाली खडूची एक रेघ मारलेली होती, बाई चुकलेल्या गणिताखाली मारतात तशी. अर्थातच. नेझाचं अक्षर तिरकं, लिएर्नीचं गोल गोल. सबंध फळा वाचणाऱ्या माणसाला ते कळणार नाही होय? आणि त्याखाली, मोत्यासारख्या अक्षरात, एक नवी ओळ होती.

नाव: लिएर्नी. गाव: मुत्रिकु. उद्याचा मुक्काम: हा रकाना कोरा.

फळ्याच्या खिळ्याला केशरी मग अडकवलेला होता. धुतलेला, पुसलेला.

मग जिन्यावर नेझाची पावलं वाजली, आणि लिएर्नीने भिंतीवरून फळा काढला. तो जड होता, दोन्ही हातांनी धरावा लागला. तो तिने स्वयंपाकघरात नेला आणि टेबलावर, पाव आणि कॉफीच्या मधोमध, ठेवून दिला.

आइता आणि आमा दोघेही दचकले. इमानोलची नजर पहिल्यांदा गेली ती खोट्या ओळीवर. मुलीचं अक्षर बापाला ओळखू येणार नाही तर कुणाला?

"हे तू लिहिलंस?" तो हळू म्हणाला. "या घरात?"

"हो. मीच. खाली वाच."

त्याने वाचलं. आमाने त्याच्या खांद्यावरून वाकून वाचलं आणि हातातला चमचा खाली ठेवला.

"इमानोल," ती म्हणाली, "तो कुठे गेलाय?"

अकरा वर्षांत पहिल्यांदा इमानोलच्या दारातून एक वाटसरू बाहेर पडला होता आणि तो कुठे गेला हे त्याला माहीत नव्हतं. त्या माणसाला मात्र त्यांचं सगळं माहीत होतं. नळ, खाट, खिडकी, मुलीचं नाव.

नेझा दारात येऊन उभी राहिली, सॅक पाठीवर, बूट हातात. "माझ्यामुळे," ती म्हणाली. "मी एकटी निघते. तुम्ही यात पडू नका."

"तू गप्प बैस," लिएर्नी म्हणाली. आपला आवाज व्यासपीठावर निघाला होता तसाच निघतोय हे तिला जाणवलं. तिने आईवडिलांकडे पाहिलं.

"मी आज शाळेत जाणार नाही. नेझा लेकेइतिओला जाणार नाही आणि बिल्बाओलाही नाही. मी तिच्याबरोबर आर्नो डोंगरावरून मार्किनाला मावशीकडे चालत जाणार, दोनच्या आत पोचणार. हे फळ्यावर लिहायचं नाही, तुम्हा दोघांना तोंडाने सांगतेय. आइता, आता सांगण्यासारखं काहीतरी आहे, तर हा फळा आणि तो मग असाच उचल आणि पोलिसांकडे ने. त्याआधी इरुनपासून बिल्बाओपर्यंत सगळ्यांना फोन कर आणि फळे उतरवायला सांग. मला अडवू नका, मी ऐकणार नाही. पण एकटी जायची हिंमत माझ्यात नाही, तेही सांगते. आमा, बूट घाल."