शनिवार, सायंकाळी पाच वाजता

मी एक जुना फळा आहे. अमळनेरच्या एका गल्लीत, सरकीच्या रिकाम्या गोदामाच्या दाराशेजारी मी कित्येक वर्षं उभा होतो. आता आडवा आहे. आडवा कसा झालो, तेच तुम्हाला सांगायचं आहे, मित्रांनो.

माझं लाकूड सागाचं, सातपुड्यातलं. यावलच्या एका सुताराने मला रंधा मारला, काळा रंग दिला आणि मी एका जिनिंगच्या फाटकावर लागलो. रोज सकाळी माझ्यावर कापसाचा भाव लिहीत. काय गर्दी व्हायची! ज्याला वाचता येत नसे, तो शेजारच्याला विचारायचा आणि तरीही स्वतः एकदा माझ्याकडे बघून घ्यायचा. मला वाटायचं, लोकांचं माझ्यावर प्रेम आहे. पुढे भाव मोबाईलवर कळू लागला आणि प्रेम कशावर होतं, तेही कळलं.

जिनिंग बंद पडली, तेव्हा प्रकाशचंद शेठनी मला आपल्या गोदामाच्या दाराशी आणून लावलं. माझं काय करायचं हे शेठनी ठरवायच्या आधीच गल्लीने ठरवलं. कुणी वारलं की गल्लीतले मोतीलाल नाना काठी टेकत यायचे, नाव आणि अंत्ययात्रेची वेळ सांगायचे. शेठ खडूने लिहायचे. त्यांचं अक्षर इतकं देखणं होतं, की गेलेल्या माणसाच्या घरचे दहाव्यानंतर येऊन कौतुक करून जायचे.

तीन वर्षांपूर्वी शेठना सत्तराव्या वर्षी नवाच नाद लागला. त्यांनी गोदाम झाडून घेतलं, चाळीस खुर्च्या मांडल्या, दोन स्पीकर आणले आणि माझ्यावर लिहिलं : ‘आगामी कार्यक्रम. शनिवार, सायंकाळी पाच वाजता. नव्या मुलांची स्वतःची गाणी.’

नानांनी ते दोनदा वाचलं. “स्वतःची म्हंजे?”

“म्हणजे स्वतः लिहितात, स्वतः चाल लावतात, स्वतःच गातात,” शेठ म्हणाले.

“आन आयकस कोन? तेबी सोताच?”

पहिला आला शिंदखेड्याचा ईश्वर, गिटार घेऊन. अकरा माणसं जमली. त्यातली सहा अशी, की गल्लीतली लाईट गेली होती आणि शेठकडे इन्व्हर्टर होता. दुसऱ्या गाण्यात लाईट आली. सहा जण उठून गेले. शेठ म्हणाले, “सुरुवात चांगली झाली.”

हेमलता उरलेल्या पाचांत होती. ती याच गल्लीच्या टोकाला राहते. धुळ्याच्या एका खासगी क्लासमध्ये शिकवते, रोज एस.टी.ने जाते-येते. त्या जाण्यायेण्यात तिने अहिराणीत अकरा गाणी केली होती. देवाचं एकही नाही, लग्नाचं एकही नाही. एक पंचेचाळीस अंशांच्या उन्हावर होतं, एक खिडकीशी बसलेल्या आणि गाव आलं तरी न उठणाऱ्या बाईवर. तिची मागणी फार नव्हती. एकदा, फक्त एकदा, खुर्च्यांवर बसलेल्या माणसांपुढे ती अकराही गाणी म्हणायची होती.

शेठनी तिचं नाव माझ्यावर लिहिलं. खाली वेल काढली. तशी वेल त्यांनी मयताच्या सूचनेखालीही कधी काढली नव्हती.

शुक्रवारी नाना आले. “चिंधा आबा गया.”

आपल्याकडे गल्लीत मयत झाली की तेरा दिवस वाजवत नाहीत. चांगली रीत आहे, मी तिच्याविरुद्ध नाही. फक्त आमच्या गल्लीत म्हातारे फार. शेठनी तिचं नाव ओल्या फडक्याने हळूच पुसलं.

“चार दिन थांबी जाय बेटा,” नाना म्हणाले. “गानं काय शिळं व्हस का?”

पुढची तारीख धरली, तर भिकुबाई गेली. त्याच्या पुढची धरली, तर धुरपदाबाई. तुम्ही हसाल मित्रांनो, पण हेमलतासुद्धा हसली होती. म्हणाली, “काका, माझं नाव लिहू नका आता. गल्लीत माणूस उरायचा नाही.”

शेठ म्हणाले, “उरलोय कोण? मी आणि हा मोतीलाल. आम्ही दोघं ठरवून थांबतो.”

“थांबतस,” नानांनी काठी आपटून शब्द दिला.

थांबणं भागच होतं. शेठचा मुलगा मनन याने एक तारखेपासून गोदाम एका कुरिअरवाल्याला देऊ केलं होतं. शेठनी त्याच्याकडून शेवटचा शनिवार मागून घेतला. माझ्यावर हेमलताचं नाव चौथ्यांदा चढलं. मंगळवार गेला, बुधवार गेला, गल्ली ठणठणीत होती.

गुरुवारी दुपारी शेठ जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

माझ्यावर लिहिणाराच गेला. मग मनन आला. उठावणं, म्हणजे आपली शोकसभा, गोदामातच ठेवलं होतं. वारही तोच, वेळही तीच. त्यामुळे त्याचं काम थोडक्यात झालं. त्याने मधली ओळ तळहाताने पुसली आणि तिथे वडिलांचं नाव लिहिलं. कोरड्या हाताने पुसलं की अक्षर जात नाही, फक्त मागे सरकतं. शेठच्या नावामागे हेमलता दिसत राहिली आणि खाली वेल तशीच.

नाना माझ्यापुढे उभे राहिले. “थांबानं ठरेल व्हतं ना, शेठ,” एवढंच म्हणाले.

शनिवारी पाचला पांढऱ्या कपड्यांतली तीनशे माणसं आली. चाळीस खुर्च्या पुरल्या नाहीत, सतरंज्या टाकल्या. ज्यांना शेठ शनिवारी घरी जाऊन बोलवायचे, ती सगळी न बोलावता वेळेवर आली. मी दारातून बघत होतो. गोदाम असं भरलेलं बघायची शेठना फार हौस होती.

मननने हेमलताला बाजूला घेतलं. “तू दोन मिनिटं काही म्हणशील? पप्पांना तुझा आवाज आवडायचा.”

“काकांना माझी गाणी आवडायची,” ती म्हणाली. “ते उन्हाचं म्हणू?”

“उन्हाचं?” त्याने चोरून मागच्या माणसांकडे पाहिलं. “उठावण्यात बरं नाही दिसत गं. एखादं भजन येत असेल ना?”

तिला येत होतं. सगळ्यांनाच येतं. ती माइकपुढे बसली, डोळे मिटले आणि ते भजन म्हटलं. कुणी खोकलं नाही. कुणाचा मोबाईल वाजला नाही. इतकं शांत ऐकणारं माणूस मी जिनिंगच्या फाटकावरही पाहिलं नव्हतं.

बाहेर पडताना नाना तिच्यापाशी थांबले. डोळे पुसत म्हणाले, “भलता गोड आवाज शे तुना. बेटा, एखादा कार्यक्रम का बरं करस नही तू?”

तिने माझ्याकडे पाहिलं. नानांनी पाहिलं नाही.

“बघू, नाना,” ती म्हणाली आणि घरी गेली. त्यानंतर ती या दारावरून जाते, पण थांबत नाही. एस.टी.त हल्ली कानात काहीतरी घालून बसते, असं ऐकतो.

एक तारखेला कुरिअरची माणसं आली. पायरी उंच होती, हातगाडी चढेना. त्यांनी मला उतरवून पायरीवर पालथा टाकला. सागाचा असल्यामुळे मोडत नाही, याबद्दल माझं कौतुक होतं. दिवसभर पाठीवरून खोकी जातात. तोंड जमिनीकडे आहे, म्हणून लिहिलेलं कुणाच्या पायाने पुसलं जात नाही.

मित्रांनो, तुमच्या गावातही एखादा फळा असेल. त्याला ओल्या फडक्याने पुसत जा, कोरड्या हाताने नको. आणि त्यावर जिवंत माणसाचं नाव दिसलं, तर कृपा करून त्याच शनिवारी जा. दुसऱ्या कारणाने तुम्ही जाणारच आहात.