आठ दिवसांचं पाणी

नवरा-बायको दोघं मिळून शेवटचे बाहेर कधी गेलात, असं कोणी विचारलं की कावेरीबाई फटकन सांगायच्या, "शेजारच्या राजेश्रीच्या पोरीच्या लग्नाला. आन ते बी आपल्याच गल्लीत होतं."

ऐकणारा हसायचा. कावेरीबाई हसायच्या नाहीत.

व्यंकटरावांची एकतीस वर्षं येलदरीच्या धरणावर पाण्याची पातळी वाचण्यात गेली. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, आणि पावसाळ्यात तर दर तासाला. आकडा वाचायचा, वहीत लिहायचा, वर फोन करून कळवायचा. दिवाळी म्हणू नका, पोळा म्हणू नका. "पाण्याचा इतबार न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सासरचं लग्न असो की माहेरचं बारसं, पाणी आडवं यायचं आणि कावेरीबाई पिशवी उचलून एकट्या एसटीत बसायच्या. रिटायर झाल्यावर तरी माणूस मोकळा होईल, या आशेवर त्यांनी एवढी वर्षं काढली होती.

पण कशात काय न् फाटक्यात पाय! बापाला करमणार नाही म्हणून लेकीनं, वैदेहीनं, बैठकीत तीन फुटी काचेची टाकी आणून बसवली. आत सोनेरी मासे, दोन काळे मासे आणि एक चिमुकला जिवंत शंख. व्यंकटरावांनी पहिल्याच दिवशी काचेला बाहेरून शाळेतली फूटपट्टी चिकटवली आणि नवी वही काढली. धरण गेलं आणि धरणाचं पिल्लू घरात आलं.

उन्हाळ्यात ह्या पिल्लाचे लाड काही विचारू नका. जिंतूरच्या उन्हात टाकीचं पाणी तापतं, म्हणून वर छोटा पंखा लावायचा. पंख्यानं पाणी थंड राहतं, पण उडतंही लवकर. दिवसाला एक सेंटिमीटर, म्हणजे अडीच लिटर. पातळी चार-पाच सेंटिमीटर खाली गेली की फिल्टर हवा ओढतो, मोटार जळते आणि मासे वर येऊन आ वासतात. म्हणून व्यंकटराव रोज दोन वेळा तांब्यानं पाणी घालून पट्टीवरच्या अठ्ठावीसच्या रेघेला आणून ठेवायचे. एकदा नातवाच्या बारशाला निघाले, तर देवगाव फाट्याला माशांची आठवण आली म्हणून उतरून उलट गाडीनं घरी आले. पुढं कावेरीबाई बाळंतविडा आणि दोन बॅगा घेऊन एकट्या गेल्या. एकदा राजेश्रीवर काम सोपवलं, तर तिनं नेमकं ब्लीचिंग टाकलेल्या दिवशी नळाचं पाणी सरळ ओतलं. दोन मासे उलटे झाले. तेव्हापासून दुसऱ्या कोणाच्या हातावर त्यांचा भरोसा राहिला नाही.

आणि आता नाशिकला वैदेहीच्या घराची वास्तुशांत ठरली.

"आई, दोघं या," फोनवर वैदेहीचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "पप्पांनी माझं एकसुद्धा घर पाहिलेलं नाही. दरवेळी तू एकटी येतेस आणि मी सासूबाईंना काहीतरी सांगत बसते. ह्या वेळी दोघं येणार असाल तर या. नाहीतर आहेर कुरियरनं पाठवून दे."

आठ दिवसांचं जाणं होतं. कावेरीबाईंनी फोन ठेवला आणि बराच वेळ टाकीकडं रागानं पाहिलं. माशांचा काय दोष? मासे बिचारे तोंड उघडत होते, मिटत होते. तेवढ्यात खिडकीतल्या कूलरमध्ये पाणी पडल्याचा आवाज आला आणि कावेरीबाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कूलरचं पाणी आपोआप भरतं, आपोआप बंद होतं. मग ह्या टाकीचं का नाही?

दुसऱ्याच दिवशी त्या हार्डवेअरच्या दुकानातून कूलरचा फ्लोट, म्हणजे पाणी भरलं की तरंगून नळ बंद करणारा गोळा, घेऊन आल्या. वीतभर पितळी दांडी आणि टोकाला हा एवढा गोळा. पाण्यात सोडला तर गोळा काचेला अडकला, मासे कोपऱ्यात जाऊन दडले.

"अगं, टाकीत नारळ सोडायलीस का?" व्यंकटराव पोट धरून हसले. "आन पितळ हाय ते. माशाला बाधतंय. राहू दे, ते तुझं काम न्हाई."

हेच बोलायला नको होतं. कावेरीबाईंना सगळं चालायचं, पण 'तुझं काम नाही' हे चालायचं नाही. डोक्यावर पदर घेऊन त्या भर उन्हात बसस्टँडकडं निघाल्या. तिथं रोहिणीचं दुकान होतं. ती कूलर, मोटारी, आरओ मशीन सगळं दुरुस्त करायची आणि ग्राहकाला शहाणपण फुकट द्यायची.

"काकू, मोठा कशाला घेतलाव?" रोहिणीनं खोक्यातून अंगठ्याएवढा पांढरा फ्लोट काढला. "ह्यो बघा. पाणी शुद्ध करायच्या मशीनमधी असतो. सगळा प्लास्टिकचा, नळी बी बारीक. आता एक सांगते ते ध्यानात ठेवा. गच्चीवरच्या टाकीला थेट जोडू नका. फ्लोट कधी अडकला तर सगळी टाकी बैठकीत उतरंल. जार ठेवा वर. जारमधी तेवढंच पाणी, जेवढं सांडलं तर पुसून काढता येईल."

"रोज अडीच लिटर लागतंय," कावेरीबाई म्हणाल्या.

"मग वीस लिटरचा जार. आठ दिवस गेले, जार संपला. हिशोब बसला की!" रोहिणी हसली. "आन बोअरचं पाणी घालू नका. उडतंय ते नुसतं पाणी, क्षार मागंच राहतेत. कूलरच्या जाळीवर पांढरं बसतंय न्हाई का? तसं टाकीत साठंल. आरओचंच घाला. आन आठ दिवस खाणं न्हाई मिळालं तरी माशांना काई होत न्हाई."

काचेला भोक पाडायचं नव्हतं. रोहिणीनं ॲल्युमिनियमची पट्टी शिकंज्यात धरून वाकवली, काचेच्या कडेवर आकड्यासारखी बसेल अशी, आणि खालच्या टोकाला फ्लोटच्या आट्यापुरतं भोक पाडून दिलं.

घरी येऊन कावेरीबाईंनी ते सगळं स्वतःच्या हातानं बसवलं. फिल्टरचं पाणी पडतं तिथं लाटा उठतात, फ्लोट सारखा उघडमीट करील, म्हणून उलटा कोपरा निवडला. शंख फ्लोटखाली जाऊन अडकू नये म्हणून प्लास्टिकच्या जुन्या चाळणीचं कुंपण केलं. जार कपाटावर चढवला, नळी खाली सोडली. ॲल्युमिनियमची पट्टी वरखाली सरकवत सरकवत फ्लोट अठ्ठावीसच्या रेघेला आणला. मग तांब्याभर पाणी काढून घेतलं. फ्लोट जरासा खाली झुकला, थेंब सुरू झाले, पाणी रेघेला आलं आणि थेंब थांबले.

"बघितलं का!" कावेरीबाई ओरडल्या.

"हं," व्यंकटराव म्हणाले. "चार दिवस बघू."

चार दिवस माणूस खुर्ची टाकून समोर बसला. सकाळी अठ्ठावीस. संध्याकाळी अठ्ठावीस. दुसऱ्या दिवशी अठ्ठावीस. कावेरीबाईंना वाटलं होतं, खूश होतील. पण हे गृहस्थ दिवसेंदिवस उतरत चाललेले. जेवताना गप्प, चहा निवून जायचा. वहीत तोच आकडा लिहिताना पेन असं धरायचे की जणू कोणी बळजबरीनं सही घ्यायलंय. तिकिटं काढून झाली होती, आहेर बांधून झाला होता. पण हा माणूस ऐनवेळी पाय मागं घेणार, हे कावेरीबाईंना कळायला लागलं होतं.

पाचव्या दिवशी दुपारी त्या पापड वाळत घालून खाली आल्या आणि दारातच थांबल्या. व्यंकटराव बाह्या सावरून टाकीवर वाकलेले. एक बोट पाण्यात. त्या बोटानं फ्लोट खाली दाबून धरलेला, नळीतून धार चाललेली आणि पाणी तीसच्या वर चढलेलं.

"अहो! काय करायलात?"

व्यंकटरावांनी दचकून हात काढला. "बघ, चढलं पाणी," ते चाचरत म्हणाले. "म्हणलं होतं ना, इतबार न्हाई."

"तुमी बोटानं दाबलाव म्हणून चढलं!" कावेरीबाईंचा आवाज फाटला. "लाज वाटू द्या जरा. लेकीच्या डोहाळजेवणाला मी एकटी, बारशाला एकटी. पोर म्हणती आहेर कुरियरनं पाठवा, आन तुमी हितं मुद्दाम बिघाड करायलात? एकदा तोंडानं सांगा की मला यायचं न्हाई. मासे कशाला मधी घालता?"

व्यंकटराव खुर्चीत बसले. ओला हात तसाच मांडीवर.

"ह्या फ्लोटनं फेल पडावं असं वाटलं मला," ते म्हणाले. "धरणावर माझ्या जागी माणूस आलाच न्हाई, ठावं हाय ना तुला? आपोआप पाणी मोजायचा डबा बसवला एक. सात वर्षं झाली. धरण भरलं बी, सुटलं बी. 'व्यंकटराव, जरा येऊन बघा,' असा एक फोन आला न्हाई. आता आठ दिवस जाईन मी. आन आल्यावर हितं अठ्ठावीसच असलं, तर?"

कावेरीबाईंच्या जिभेवर अजून बरंच काही होतं. ते त्यांनी गिळलं. त्यांना नवऱ्याची दया आली, आणि रागही तसाच होता. दोन्ही एकदम यायची ही काय पहिली वेळ नव्हती.

"तर चांगलंच की," त्या म्हणाल्या. "पुढच्या बारीला पंधरा दिवस राहू."

व्यंकटरावांनी वर पाहिलं.

"माशांना तुमी लागत न्हाई, हे खरंच हाय," कावेरीबाईंचे डोळे भरून आले, पण त्यांनी पुसले नाहीत. "पर मी एवढी वर्षं बाजूचा पाट रिकामा ठेवून बसलेय. लोक इचारतेत, मालक न्हाई आले? त्या पाटावर सांगा, कोणता फ्लोट बसवू मी?"

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. व्यंकटराव उठले. त्यांनी टाकीतलं वर चढलेलं पाणी तांब्यानं काढलं, कपाटावरचा जार उतरवून पुन्हा काठोकाठ भरला, नळी जोडली आणि फरशीवर सांडलेलं फडक्यानं पुसून घेतलं. मग हात झटकत आत गेले. लोखंडी कपाट उघडल्याचा आवाज आला, कपडे खालीवर केल्याचा आवाज आला.

"कावेरे," आतून हाक आली, "माझा तो पांढरा नेहरू शर्ट कुठाय गं? त्याला इस्त्री लागंल."