ओढ्यापलीकडचा ब्रेकबाबा

जीप ओढ्यातून बाहेर आली, भावोजींनी ब्रेक दाबला आणि जीप थांबली नाही. मैदानात घरंगळत ती आपसूक थांबली, तेव्हा उतारूंनी खाली उतरून हात जोडले. समोर दगडावर ब्रेकबाबा बसले होते.

"ओढ्यातली शक्ती ब्रेक पिऊन टाकते!" बाबा गरजले. "परत हवा असेल तर पाय नम्र कर. ब्रेकवर हलकासा ठेव, माझं नाव घे आणि मैदानाला हळूहळू फेऱ्या मार."

भावोजी, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, रोज या जीपमधून उतारू नेत आणि रोज फेऱ्या मारत, ब्रेक रोज परत येई आणि लोक रोज नव्यानं थक्क होत.

मी गावात लेथ, म्हणजे लोखंड कातायचं यंत्र, चालवते. लोखंडापुढे थापा चालत नाहीत, त्यामुळे माझी जीभ जरा तिखट झालीय, असं घरचे म्हणतात. तरी हा चमत्कार मी एक वेळ खपवून घेतला असता. पण बाबांनी चारही चाकांना मंतरलेले दोरे बांधले होते आणि दोरा तुटला तर ब्रेक कायमचा जाईल, असं बजावलं होतं. त्यामुळे वर्षभर चाकातला ब्रेकचा एकही ड्रम कोणी उघडला नव्हता. मैदानापुढे तर सगळा घाटाचा उतार. मागच्या आठवड्यात वळणावर जीप दरडीला घासून थांबली, तेव्हा भावोजींची श्रद्धा कमी पडली, असं निदान बाबांनी केलं. आणि आज त्याच जीपमधून माझी धाकटी बहीण बाळंतपणासाठी खालच्या गावी निघाली होती. मी तिच्यासोबत होते, पण माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

"भावोजी, किल्ली द्या," जीप मैदानात थांबताच मी म्हणाले.

"ताई, बाबांचं नाव घ्यायला विसरू नका हं."

"घेते की."

मी जीप पुन्हा ओढ्यात घातली, बाहेर काढली आणि ब्रेक दाबून दाखवला. पार गेलेला. मग ब्रेकवर हलका पाय ठेवून फेऱ्या सुरू केल्या आणि मोठ्यानं एकोणतीसचा पाढा म्हणू लागले. अर्ध्यावर चुकले. तरी ब्रेक असा आला की मागची टोपली पुढच्या सीटवर येऊन आदळली.

मी उतरून मागच्या ड्रमवर ओंजळभर पाणी टाकलं. चर्र झालं.

"ऐकलंत? ओढ्याचं पाणी ड्रममध्ये शिरतं, ड्रमला आतून दाबून धरणारे ब्रेकचे शू ओले होऊन घसरतात. हलका पाय ठेवून फिरलं की ते घासून तापतात आणि पाणी वाळतं. एवढंच."

बाबा हसले. "पाढा हाही मंत्रच! आणि दोरे कुणाचे?"

लोकांनी माना डोलावल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात बहीण पुढे आली.

"बाबा, ब्रेक तुमच्या कृपेनं आलाय ना? मग माझ्या शेजारी बसा. उतार संपेपर्यंत तरी चला."

बाबांनी उताराकडे पाहिलं. "आम्ही पायीच उतरतो, बाई. व्रत आहे."

"कधीपासून?"

बाबांनी दगडावरची मांडी आणखी घट्ट केली. भावोजींनी खिशातून चाकू काढला आणि पहिला दोरा कापला.

जीप गावात परत नेली. ड्रम उघडले. काळी धूळ फुंकू न देता ओल्या फडक्यानं पुसून घेतली. मागच्या शूंवरचं लायनर, म्हणजे घासणारा थर, झिजून रिव्हेट उघडे पडले होते आणि त्यांनी ड्रममध्ये नखभर खोल चरे पाडले होते. माप घेतलं. मागचे ड्रम त्यांच्यावर कोरलेल्या झिजेच्या मर्यादेच्या केव्हाच पलीकडे गेलेले. ते दोन्ही भंगारात टाकून नवे बसवले. पुढच्या दोघांत अजून जीव होता, ते लेथवर सारख्या मापाला कापले. शू चारही चाकांचे बदलले.

भावोजी तो चरे पडलेला ड्रम मांडीवर घेऊन बसले होते. "ताई, हिला मी यात बसवलं होतं," एवढंच म्हणाले आणि रडले. पहिल्यांदाच मला टोमणा सुचला नाही.

दुसऱ्या दिवशी बहीण सुखरूप खाली पोचली.

तर मंडळी, ज्याला मानायचं त्याला माना. पण जो चाक उघडू देत नाही आणि स्वतः त्या गाडीत बसत नाही, त्याच्या शब्दावर आपलं माणूस उताराला लावू नका. आधी चाक उघडून बघा.