राहिलेला शब्द

“आज आपण वर्गातला सगळ्यात चांगला निबंध तपासायचा,” तुळशीदास सर म्हणाले. “तो चांगला का, ते मात्र तुम्ही सांगायचं.”

शैलेशच्या सालमियातल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये मुलं गालिच्यावर बसली होती. दर शुक्रवारचा हा मराठीचा वर्ग शैलेशच्याच मेहेरबानीवर चाले. आखाती युद्धानंतर पुन्हा कुवेतला आल्यापासून तुळशीदासांना ऑफिसात कुणी चहालाही विचारत नसे. इथं ते ‘सर’ होते.

निबंध शैलेशच्या मुलीचा, स्वराचा होता: ‘आमचा शुक्रवार’. बाप समोर सोफ्यावर बसलेला. त्याच्यासमोर कौतुक झालं तर बरंच, असा हिशेबही सरांच्या मनात होताच; निबंध त्यांनी वरवरच चाळला होता.

“‘शुक्रवारी बाबा घरी असतात. आई मासे तळते.’ बघा, काय आवडलं?”

“शॉर्ट सेंटेन्सेस, सर,” रितेश म्हणाला.

“शाबास. ‘चहा गार झाला की बाबा आईला मारतात.’” सर हसले. “इथं एक शब्द राहिलाय. कुठला?”

“हाक!”

“बरोबर. हाक मारणे. आणखी काय काय मारतो आपण?”

“गप्पा!” “उडी!” “डोळा!”

हशा पिकला. शैलेशही खो खो हसला. “कुवेतची मराठी, सर! अर्धं वाक्य हवेत!”

स्वरा उभी राहिली. “नाही राहिला, सर. आय चेक्ड इट ट्वाइस.”

मुलांचं हसू विरलं. सरबताचा ट्रे घेऊन आलेली सुचित्रा, स्वराची आई, स्वयंपाकघराच्या दारातच थबकली. सरांनी पुढचं वाक्य मनातच वाचलं: ‘तेव्हा मी खालच्या बकाल्याच्या दुकानात खबूस रोटी आणायला जाते आणि मुद्दाम हळूहळू येते.’

“समजवा की तिला,” शैलेश अजून हसतच होता. “पुढच्या शुक्रवारी वर्ग घ्यायचाय ना, सर?”

तुळशीदासांनी सुचित्राकडे पाहिलं. तिनं नजर ट्रेवर खिळवली होती. त्यांनी लाल पेनाचं टोपण काढलं.

“बाळ, मराठीत असं वाक्य होतच नाही,” ते म्हणाले, आणि ‘मारतात’च्या आधी ‘हाक’ लिहिलं. मग पुढचं वाचायचं सोडून म्हणाले, “चला, सगळ्यांनी म्हणा.”

“बाबा आईला हाक मारतात!”

“स्वरा, तुझा आवाज नाही आला.”

स्वरानं एकटीनं म्हटलं. स्पष्ट, चूक न करता.

सुचित्रा आत आली. पहिला ग्लास तिनं सरांपुढे धरला.

“छान शिकवता हो, सर,” ती म्हणाली. “साखर बघा पुरेशी आहे का.”