गाळलेलं नाव

दुसरी थप्पड बसली तेव्हा गिसनच्या तोंडात रक्ताची चव आली.

“लिही,” पोलीस अधिकारी म्हणाला. “‘गाव बंडखोरांनी जाळलं.’ शिक्षिका ना तू? एवढं एक वाक्य येत नाही?”

“गाव सैनिकांनी जाळलं, साहेब.”

“तू बघितलंस? तेव्हा जन्मली तरी होतीस का?”

“नव्हते. पण ज्यांनी बघितलं ते जिवंत आहेत.”

त्याने तिचा उजवा हात टेबलाच्या खणात धरला आणि लाथेने खण बंद केला. उघडला, पुन्हा बंद केला. लिहायला बोटंच उरली नाहीत, तेव्हा मजकूर त्यानेच लिहिला आणि तिचा डावा अंगठा धरून खाली उमटवला.

यांग गिसन दक्षिण कोरियातल्या जेजू बेटावर मुलींच्या शाळेत इतिहास शिकवत असे. लहानपणापासून तिला ‘मग पुढं काय झालं?’ विचारायची खोड. अठ्ठेचाळीस सालच्या हिवाळ्यात बेटावर हजारो माणसं मारली गेली, आणि पाठ्यपुस्तकात त्यावर चार ओळी. तिने मुलींना सांगितलं, घरी आजीला विचारून या. एका मुलीचा आजोबा पोलिसात होता. एवढं पुरलं.

सुटून ती घरी आली. आई, बू ओलसुन, समुद्रात बुड्या मारून शिंपले काढायची. नुकतीच पाण्यातून आली होती. तिने लेकीचा हात बघितला आणि तिच्या कानाखाली वाजवली. मग घरातली पुस्तकं उचलून चुलीत घालायला लागली.

“आई, माझी पुस्तकं आहेत ती!”

“तुझ्या मामालापण वाचायचं वेड होतं. कुठाय तो? सांग, कुठाय?”

पुस्तकं जळून गेली. त्याच चुलीवर पाणी तापवून आईने तिचा हात शेकला.

शाळेने काढून टाकलं. दुसरी शाळा घेईना. गिसन राजधानीत, सोलला गेली. तिथे मा योंगहे या मैत्रिणीची दोन खोल्यांची प्रकाशनसंस्था होती.

“नोकरी नाही देऊ शकत गं,” योंगहे म्हणाली. “पोलीस येऊन कामावरची नावं तपासतात. घरी बसून प्रुफं बघशील?”

“या हातानं?”

“डावा आहे ना?”

डाव्या हाताने पेन्सिल धरायला ती शिकली. एका राजघराण्याच्या इतिहासात पहिल्या भागात मेलेला सेनापती शेवटच्या भागात लढाई जिंकत होता. तिने समासात लिहिलं, ‘यांना कोणी उठवलं?’ लेखक पोट धरून हसला आणि पुढचं पुस्तकही तिच्याकडेच घेऊन आला. मग इतर आले. कोणाच्या पगारावर नाही, कुठल्या पुस्तकात नाव नाही, अशी ती संपादक झाली.

पुढे लष्कराची राजवट गेली. जेजूच्या म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेल्या हकिगतींचं पुस्तक करायचं योंगहेने ठरवलं. टेप घेऊन दारात आलेल्या माणसावर ओलसुनने खरकटं पाणी ओतलं. “माझ्या पोरीला पाठवा,” एवढंच म्हणाली.

दोघी अंगणात बसल्या. आई समुद्रशेवाळ निवडत बोलत होती.

“शाळेच्या मैदानात उभं केलं सगळ्यांना. डोंगरातल्या बंडखोरांना मिळालेत असा ज्यांच्यावर संशय, त्यांना बांधलं. बाकीच्यांच्या हातात बांबूचे भाले दिले. ‘भोसका. नाही भोसकलं तर तुम्हीपण त्यांच्यातलेच.’ माझ्यासमोर दादा होता. माझ्या बाजूला भाला घेऊन चुनदाल. दादाचा जिवलग दोस्त.”

“आपले चुनदालकाका?”

“दुसरा कोण? माझा हात उचलेना. पाठीत बंदुकीचा दस्ता बसला. मी भोसकलं, पण वरवर. दादा गुरासारखा ओरडायला लागला. ते ओरडणं ऐकून सैनिक हसत होते गं. मग चुनदालनं भाला आत घातला. दादा गप्प झाला.”

गिसनच्या पेन्सिलीचं टोक कागदात रुतलं होतं.

“माझं नाव घाल,” आई म्हणाली. “चुनदालचं गाळ.”

“आई, मग लोक वाचतील, बहिणीनंच भावाला मारलं.”

“वाचू देत.”

“पण ते खरं नाही!”

“खरं तुला सांगितलं ना? त्याला नातवंडं आहेत. मी आता मरायलाच टेकलेय. गाळ म्हणते ना!”

एक खोटं वाक्य लिहायचं नाही म्हणून गिसनने बोटं दिली होती. तिला वाटलं उठावं, कागद फाडावेत, समुद्राच्या दिशेने चालू लागावं. ती उठली नाही. बऱ्याच वेळाने तिने त्या नावावर रेघ मारली.

ऊन कलताना चुनदालकाका बादलीभर संत्री घेऊन आले. वादळ झालं की ओलसुनचं छप्पर तेच शाकारत. न बोलावता येत, जेवायला थांबत नसत.

“त्या वर्षाचं लिहितेस होय?” त्यांनी कागदांकडे बघत विचारलं.

“हो, काका.”

ते पायरीवर बसले. एक संत्रं हातात घेऊन नुसतंच फिरवत राहिले.

“मग... मी आहे का गं त्यात?”

ओलसुनने शेवाळावरून नजर उचलली नाही. “तू कुठला असायला? तू तर तापानं फणफणून घरी पडलेलास.”

काकांच्या हातातलं संत्रं फिरायचं थांबलं.

“हो,” ते म्हणाले. “फार ताप होता.”

ओलसुनने त्यांच्या हातातलं संत्रं काढून घेतलं, सोललं आणि अर्धं त्यांना दिलं.