हेलनबाईचं पाणी

"या तुम्हीच ना?" राजनंदिनी मॅडमनी मोबाईल माझ्यापुढे धरला.

मीच होते. निळी साडी, डोक्यावर पदर, कोल्हारच्या आमच्या चर्चमध्ये माईकसमोर उभी. पहिल्या बाकावर आईची पाठ दिसत होती. पुण्यातल्या त्या थंडगार ऑफिसात मला माझाच आवाज ऐकू आला, "यात माझं काही नाही. हे औषध माझ्या आईचं. तिला तिच्या आईनं दिलं, तिनं मला दिलं. मी नुसता हात, करणारा प्रभू." मग आमेन, आणि टाळ्या.

मॅडम माझ्या पेटंटच्या वकील. माझ्या अर्जाला एका औषध कंपनीनं हरकत घेतली होती. हा शोधच नाही, त्यांच्या घरातलं जुनं औषध आहे, आणि जुन्या घरगुती औषधाला पेटंट मिळत नाही, असं कंपनीचं म्हणणं. "आणि पुरावा म्हणून तुम्हालाच उभं केलंय, दयाताई," मॅडम म्हणाल्या.

मला आधी हसूच आलं. अहो, साक्ष देताना असंच बोलायचं असतं. हंगामाच्या सणाला आमची माणसं मका, गहू, भोपळे घेऊन चर्चला येतात आणि माईकवर उभी राहून साक्ष देतात. तिथे 'मी केलं' म्हणणं शोभत नाही. वर्षभर पाण्याच्या पाळ्या धरून ज्यानं ऊस वाढवला, तोही म्हणतो प्रभूनं वाढवला. म्हणून कारखाना काही उसाचं बिल प्रभूच्या नावावर काढत नाही! मॅडमना हे सांगितलं. त्या हसल्या नाहीत.

आता खरं काय ते सांगते. मी कोल्हारच्या एका दूध डेअरीच्या लॅबमध्ये आहे. एमएस्सी केलं, नोकरी धरली, लग्न राहून गेलं. आमच्या भागात गाईला दगडी झाली की घर बसतं. कास दगडासारखी घट्ट होते, दुधात गाठी येतात, इंजेक्शनं सुरू होतात आणि तेवढे दिवस दूध गटारात. ते दूध नापास करायचं काम माझं. माणसं माझ्या तोंडाकडे बघत उभी राहायची आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एकदा मुरघासाच्या, म्हणजे मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या, फाटक्या पिशवीत एक हिरवट बुरशी दिसली. सगळा चारा सडलेला, पण तिच्याभोवतीचा तेवढा चांगला. ती मी डबीत घालून घरी आणली आणि मागच्या खोलीत बरण्या मांडल्या. कारखान्याची मळी पातळ करायची, कुकरात उकळून गार करायची, त्यात ही बुरशीबाई सोडायची. वर्षानुवर्षं नासलं सगळं. वासानं शेजारी भांडायला यायचे. भरपूर खायला दिलं की ती नुसतीच फोफावायची, उपयोग शून्य. एकदा मी आजारी पडले, मळी घालायची राहून गेली, आणि त्याच बरणीतल्या पाण्यानं कासेतले जंतू मारले. उपाशी ठेवली की मगच ती ते जंतू मारणारं द्रव्य पाण्यात सोडते. किती उपाशी, किती ऊब, कधी गाळायचं, गाळल्यावर ते टिकवायला कशात मिसळायचं, हे सगळं मी शोधलं. मी मागितलं होतं ते एवढंच. बुरशी देवाची आहे, तिच्यावर पेटंट कोणी देतही नाही. पद्धत माझी होती.

आणि आई? आई गाईच्या कासेला हळद आणि तेल लावायची. बस. माझ्या बरण्या बघून तर ती रोज ओरडायची, "ती घान फेकून दे आधी." अर्ज भरल्यावर मी ते औषध गावात द्यायला लागले, तेव्हा त्याला नाव पडलं होतं दयाबाईचं पाणी.

मग आईचं नाव घ्यायला मला कोणी सांगितलं? गिदोननं. माझा धाकटा भाऊ. नगरला असतो, जनावरांची औषधं विकतो. त्याला फार्मसीला घातला तो मी, त्याच्या लग्नात धावले ती मी. सणाच्या सकाळी मला म्हणाला, "ताई, आईचं नाव घे. थकलीय ती, बरं वाटंल तिला." अर्ज तर आधीच भरलेला होता, पद्धत मी चकार शब्दानं सांगणार नव्हते. म्हटलं, आईला मान दिल्यानं माझं काय जातंय! व्हिडिओही त्यानंच काढला. मी समजले, कौतुकानं काढतोय.

"आणखी एक आहे," मॅडम म्हणाल्या. कंपनीनं प्रतिज्ञापत्र जोडलं होतं. मी लहान असल्यापासून आमची आई हे औषध करते, खाली सही गिदोनची. तो ज्या कंपनीची औषधं विकतो, तीच ही कंपनी. मी ते तीनदा वाचलं आणि पाणी मागितलं.

एसटी स्टँडवरून त्याला फोन लावला. त्यानं लगेच उचलला, म्हणजे वाटच बघत होता.

"ताई, मी येगळं काय लिवलं? तू बोललीस तेच लिवलं."

"खरं काय ते तुला माहीत नाही?"

तो म्हणाला, "नोकरीचा प्रश्न हाय माझ्या. आन तू कुटं बाटल्या भरत बसनार हायेस? कंपनी मोटं करंल ते."

मी फोन कापला. अंगाची नुसती आग झाली. ज्याला मी कडेवर घेऊन प्रवरेच्या घाटावर हिंडवलं, त्यानं माझ्याच तोंडून माझं काढून घेतलं, आणि तेही आईला मध्ये घालून. परक्यानं केलं असतं तर मी चार शिव्या दिल्या असत्या. याला शिवीसुद्धा देता येईना.

एक वाट होती. असं औषध मी कधीच केलं नाही, असं आईनं स्वतः लिहून दिलं, तर हरकतीतला जीव जाणार होता. घरी आले तेव्हा आई ओट्यावर मेथी निवडत होती. त्या साक्षीपासून ती बदलली होती. एरवी कोणात नसायची, आता बायका 'हेलनबाई, हेलनबाई' करत तिच्याकडे यायच्या. पुणतांब्याला, तिच्या माहेरी, गोदावरीच्या काठी तिच्या आईनं तिला हे पाणी कसं शिकवलं ते ती रंगवून सांगायची. आधी मला मौज वाटायची. पुढे कळलं, तिचं तिलाच ते खरं वाटायला लागलंय.

मी तिच्याजवळ बसून सगळं सांगितलं. गिदोनचंही.

"'मी नुसती हळद लावायचे,' एवढंच वकिलापुढं म्हण, आई."

ती मेथी निवडत राहिली. "देवाफुडं बोललीस तवा खोटं बोललीस व्हय?"

"तुझ्या मानासाठी बोलले गं."

"मंग आता मान काडून घ्यायचा?"

तिनं निवडलेली जुडी बाजूला ठेवली. "गिदोन खोटा पडंल. त्याची नोकरी जाईल. त्याला लेकरं हायेत." आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुला काय, तू एकटीच हायेस."

ती हे रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. भाजीला मीठ लागेल म्हणावं तसं सहज म्हणाली.

सुनावणी कॉम्प्युटरवरच झाली. अधिकारी सभ्य होते. चर्चमध्ये मी खरं बोलले नव्हते, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "मग तुमचं कधीचं बोलणं आम्ही धरायचं?" आईचा कागद असता तर निभावलं असतं, मॅडम नंतर म्हणाल्या. अर्ज नामंजूर झाला. माझ्या पद्धतीची माहिती पेटंटच्या नियमानं अर्जासोबत एव्हाना प्रसिद्ध झालेलीच होती आणि आता ती कोणीही वापरायला मोकळं होतं. कंपनीची बाटली दुकानात आली. तिच्यावर पदर घेतलेल्या एका म्हातारीचं चित्र आहे. गिदोन येताना एक घेऊन आला होता, ती आईनं कपाटावर बायबलशेजारी ठेवलीय. तो आला की मी मागच्या खोलीत असते. जेवायला वाढते, बोलत नाही.

बरण्या मी मोडल्या नाहीत. का, ते विचारू नका.

परवा संध्याकाळी वस्तीवरचा भागवत आला. त्याच्या गाईला दगडी झालेली. दारातूनच म्हणाला, "हेलनबाई, पानी हाय का?"

आई खाटेवर उठून बसली. "दया, माझं पानी दे गं त्याला."

मी आत गेले. बरणी उतरवली, फडक्यातून गाळलं, बाटली भरली. बाहेर आई त्याला समजावत होती, कोमट करून लाव, माझी आई कोमटच करायची, लई गुन येतो. भागवत मान हलवत होता. मी बाटली आईच्या हातात दिली, तिनं डोळे मिटून प्रार्थना केली आणि त्याच्या हातात दिली.

फाटकापर्यंत मी त्याच्यासोबत गेले. आई बघत होती, म्हणून गाईची चौकशी करतेय असं दाखवलं.

"गरम करू नका," मी हळूच म्हटलं, "गरम केलं की त्यातलं सगळं मरतं. तसंच लावा." तो गोंधळून खाटेकडे बघायला लागला.

"आणि तिला सांगू नका," मी म्हटलं, आणि फाटक लावून घेतलं.