पानमळ्याची पीक पाहणी

कावळा शिवलेल्या बाईनं पानमळ्यात पाय ठेवायचा नाही, हा आमच्या अंजनगावकडचा नियम. चपला तर कोणीच आत नेत नाही, नागवेल म्हणजे देवच. त्या देवाला बाईची अडचण कळते म्हणे. मोबाईलला कळत नाही, ही त्या दिवशीची पंचाईत.

पीक पाहणीचा शेवटचा दिवस होता. हल्ली आपणच आपल्या वावरात उभं राहून पिकाचा फोटो मोबाईलवर चढवायचा असतो. मागच्या वर्षी आमच्याकडून राहून गेलं, तर हिरवागार मळा सातबाऱ्यावर ‘पडीक’ लागला. उन्हानं वेली करपल्या तेव्हा पंचनाम्याला आलेल्या साहेबानं हात वर केले. पडीक जमिनीत काय करपणार? यंदाही तसंच झालं तर मळा मोडतो, असं मामाजी, म्हणजे माझे सासरे, बोलून बसले होते. माझा नवरा गजेंद्र अमरावतीला कामाला. घरात मोबाईल कळणारी मी एकटी.

सकाळीच मी आत्याबाईंच्या, म्हणजे सासूच्या, कानात अडचण सांगितली होती. त्या नुसतं “बरं” म्हणाल्या. एवढ्यात मामाजी आले. “चाल वं पोरी, सर्वर चालून राह्यला.”

मी आत्याबाईंकडं पाहिलं. त्या तांदूळ निवडत राहिल्या. सासऱ्याला हे कोणत्या तोंडानं सांगायचं? मुकाट निघाले.

मळ्याच्या फाटकाशी मामाजींनी चपला काढल्या आणि आत गेले. मी बाहेरच थांबले. बांधावरून फोटो काढून पाहिला, तर मोबाईल म्हणतो, तुम्ही जमिनीच्या गटाच्या बाहेर आहात. मग मोबाईल मामाजींच्या हातात दिला आणि बाहेरून सांगू लागले, इथं दाबा, तिथं दाबा. त्यांनी दाबलं तर वेलीऐवजी त्यांचंच तोंड दिसायला लागलं. घाबरून आणखी काही दाबलं, तर भरलेलं सगळं गेलं.

शेजारच्या मळ्यातून खुशालराव तमाशा पाहत होते. ओरडले, “अहो सूर्यभानजी, सून आत काहून नाही येऊन राह्यली?”

मामाजींच्या तेव्हा ध्यानात आलं. त्यांनी मान खाली घातली, मोबाईल कुडावरून माझ्याकडं दिला आणि वेलींकडं तोंड केलं. खुशालरावही उगाच खोकले. मला वाटलं, धरणी फाटली तर बरं. माझ्या अंगातली गोष्ट दोन म्हाताऱ्यांच्या मध्ये उघडी पडली होती आणि मळा पुन्हा पडीक लागणार होता, तोही माझ्यापायी.

तेवढ्यात मागून आत्याबाई आल्या. धापा टाकत होत्या.

“जाय आत,” त्या म्हणाल्या.

“आत्याबाई, पण मी...”

“जाय म्हन्तो ना! वेलीले काही होत नाही.” मग त्या मामाजींच्या पाठीकडं पाहून मोठ्यानं बोलल्या, “मजूर भेटत नोहते तवा वेली कोन बांधे? मीच. त्या दिवसांतबी. कोनाले सांगतलं नाही. सुकला का मळा?”

मामाजी वळले नाहीत. खुशालराव कुठं गेले कळलंही नाही.

मी चपला काढल्या आणि आत गेले. पहिला फोटो हलला. दुसरा लागला. ‘माहिती साठवली’ असं आलं तेव्हा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. लग्न होऊन आल्यापासून दर महिन्याला मी त्या फाटकाशी उन्हात उभी राहिले होते, आणि मला उभं करणारी हीच बाई होती.

बाहेर आले. आत्याबाई बांधावर बसल्या होत्या.

“मंग मले काहून बाहेर उभं केलं?” मी विचारलं. आवाज चढला होता, चढू दिला.

त्यांनी पदराचं टोक पिळलं.

“तू बाहेर उभी राह्यली का लोक म्हनत, सूर्यभानच्या घरी लय पाळतात. मंग मी त्या दिवसांत आत गेल्ती, असा माह्यावर कोनी शक घेत नोहतं.”